शुश्रूषेचा जमाखर्च

रुग्णाच्या शुश्रूषेसाठी घरी माणसे पाठवणाऱ्या ब्युरोला दूरध्वनी केला की पलीकडून जो पहिला प्रश्न येतो तो रोगाविषयी नसतो आणि वयाविषयीही नसतो. ‘पेशंट बाई की पुरुष?’ एवढे विचारून होताच ‘वजन किती?’ असे विचारले जाते. मागोमाग ‘चालता आहे की झोपून?’, ‘नळी आहे का?’, ‘डायपर की बेडपॅन?’, ‘घर कितव्या मजल्यावर?’, ‘दिवसाची हवी की चोवीस तासांची?’ असे प्रश्न येत राहतात. ज्या घरातील कर्ता पुरुष मागच्या आठवड्यापर्यंत सकाळी स्वतः जाऊन दूध आणीत होता आणि आज ज्याचे अर्धे अंग लुळे पडले आहे, त्या घराला ही विचारपूस निष्ठुर वाटते. परंतु तिच्यात निष्ठुरता नाही. सत्तर-ऐंशी किलो वजनाचा, यत्किंचितही हालचाल करू न शकणारा देह बेताच्या अंगलटीच्या एका बाईने दिवसरात्र दर दोन तासांनी कुशीवर वळवावयाचा असतो, त्याच्याखालची चादर तो अंथरुणावर असतानाच बदलावयाची असते, आणि हे करताना त्याचा खांदा निखळता कामा नये, तशी तिची कंबरही मोडता कामा नये. वजनाचा प्रश्न हा शुश्रूषेतील पहिला प्रश्न आहे आणि तो विचारणारी बाई आपल्या कामात जाणती असते.

बहुतेक कुटुंबांवर हा प्रसंग अवचित येतो. सकाळच्या फेरीत डॉक्टर ‘आता इथे ठेवून काही उपयोग नाही, उद्या घरी न्या’ असे सांगून पुढच्या खाटेकडे वळतात, आणि मग त्या एका दुपारी लोखंडी खाट भाड्याने आणावयाची, हवेची गादी व कमोडची खुर्ची पैदा करावयाची, विमा कंपनीची मंजुरी येईपर्यंत बिलाच्या खिडकीशी ताटकळावयाचे आणि शिवाय उद्या सकाळी आठ वाजता घरी कोणी माणूस हजर राहील याची तजवीज करावयाची, अशी त्रेधा उडते. पुढील कित्येक महिन्यांचा, क्वचित वर्षांचा, खर्च ज्यावर अवलंबून आहे तो निर्णय अशा रीतीने विचाराला सर्वांत कमी अवकाश असतो त्याच वेळी घेतला जातो, आणि पुष्कळदा एखाद्या वॉर्डबॉयने हातावर ठेवलेल्या चिठ्ठीवरच्या क्रमांकावर सोपवला जातो.

या लेखाच्या निमित्ताने पुण्यातील व मुंबईतील काही ब्युरोचालकांशी, रोजावर जाणाऱ्या मावशींशी आणि त्यांना कामावर ठेवणाऱ्या कुटुंबांशी बोलताना जी गोष्ट पुनःपुन्हा प्रत्ययास आली ती अशी की, घरच्या शुश्रूषेत जे बिघडते ते प्रेमाच्या अभावी क्वचितच बिघडते. बोली स्पष्ट ठरलेली नसते, हिशेब कोणी मांडलेला नसतो, आणि येणारी बाई ही कामगार असून आपले घर हे तिचे कामाचे ठिकाण आहे ही जाणीव घराला झालेली नसते. बिघाडाचे मूळ बहुधा या तिहींत सापडते.

मागील पिढ्यांत हे काम घरातील स्त्रियांनी केले, आणि ते इतके गृहीत धरले गेले की त्याची किंमत कोणी कधी काढलीच नाही. सासऱ्यांच्या अखेरच्या तीन वर्षांत सुनेने काय केले याचा उल्लेख फार तर तेराव्या दिवशी एखाद्या वाक्यात होई. आज ती सून नोकरीस जाते, मुलगी बंगळुरूस वा न्यू जर्सीत असते, आणि स्वतः मुलगाही साठीच्या पुढे गेलेला, गुडघ्यांनी बेजार असतो. कारण आईबाप नव्वदीपर्यंत जगू लागले आहेत. २०११ च्या जनगणनेत साठ वर्षांवरील माणसांची संख्या महाराष्ट्रात एक कोटी दहा लाखांहून अधिक भरली होती. राज्याच्या लोकसंख्येशी तिचे प्रमाण जवळजवळ दहा टक्के होते. त्यानंतर दहा वर्षांहून अधिक काळ लोटला आहे.

परक्या बाईने घरी येऊन रुग्णाची सेवा करणे ही मात्र आपल्याकडे अगदीच नवी गोष्ट नव्हे. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन स्थापन झाले, आणि संस्थेने ज्या स्त्रियांना, विशेषतः विधवांना, ससून रुग्णालयात परिचारिकेच्या शिक्षणासाठी पाठवले, त्यांच्याविषयी त्या काळच्या समाजात केवढी खळबळ उडाली असेल याची कल्पना करता येते. परपुरुषाच्या अंगाला स्पर्श करावा लागणारे काम कुलीन घरातील स्त्रीने पत्करावे, ही कल्पनाच तेव्हा असह्य होती. रमाबाईंना त्या शिक्षणात दोन गोष्टी साधावयाच्या होत्या: रुग्णाला जाणत्या हातांची सेवा आणि निराधार स्त्रीला स्वतःच्या कमाईची भाकर. पुण्यातील ब्युरोंतून आज ज्या बाया कामावर जातात त्यांतही विधवा, टाकलेल्या, नवऱ्याच्या दारूला कंटाळून मुलांसह शहरात आलेल्या अशाच पुष्कळ आहेत. दुसरा हेतू असा अंशतः अजून चालू आहे. पहिल्या हेतूतील शिक्षणाचा भाग मात्र वाटेत गळून पडला.

तो कसा गळाला हे समजण्यासाठी घरी येणाऱ्या माणसांच्या प्रती ओळखल्या पाहिजेत. ब्युरोच्या भाषेत ‘सिस्टर’ म्हणून पाठवली जाणारी स्त्री ही तीन वर्षांची जीएनएम पदविका अथवा चार वर्षांची बीएस्सी नर्सिंग पदवी घेतलेली असू शकते, दोन वर्षांचा एएनएम अभ्यासक्रम केलेली असू शकते, किंवा एखाद्या खासगी रुग्णालयात चारसहा वर्षे काढून सरावाने इंजेक्शन देण्यास शिकलेली असू शकते. पहिल्या दोघींची नोंद महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे असते व तिचे प्रमाणपत्र मागता येते. तिसरीची नोंद कोठेच नसते. यांच्या खालची पायरी मावशींची व मामांची. अंघोळ घालणे किंवा अंग पुसणे, कपडे व डायपर बदलणे, भरवणे, चालवणे, कूस बदलणे हे त्यांचे काम. नाकातील नळी बसवणे, लघवीची नळी बदलणे, श्वासनलिकेतील कफ यंत्राने ओढणे, शिरेतून औषध देणे ही कामे त्यांची नव्हेत, आणि दर कमी पडतो म्हणून त्यांच्याकडून ती करवून घेणे हा रुग्णाच्या जिवाशी खेळ आहे. एका घरात नळी निसटल्यावर मावशींनी ती ‘पूर्वी पाहिले होते’ एवढ्या भांडवलावर पुन्हा आत सारली. नळी अन्ननलिकेऐवजी श्वासमार्गात गेली तर पुढची पेलाभर पेज फुप्फुसात उतरते, हे त्या बाईला कोणी कधी सांगितले नव्हते. तिला दोष देणे सोपे आहे. परंतु सिस्टरच्या दोन तासांच्या फेरीचे पैसे वाचवण्याचा निर्णय तिचा नव्हता.

चांगले काम कसे असते तेही सांगितले पाहिजे, कारण ते ज्याने पाहिले नाही त्याला मावशींचा रोज नेहमी जास्तच वाटतो. लातूरकडील एक मावशी, वय पन्नाशीच्या आतबाहेर, कोथरूडातील एका घरी अंथरुणाला खिळलेल्या आजींची कूस बदलत होत्या. आजींच्या अंगाखाली खांद्यापासून मांड्यांपर्यंत एक दुहेरी घडीची आडवी चादर कायमची घातलेली होती. मावशींनी आधी आजींना सांगितले, ‘आजी, आता खिडकीकडं वळायचं हं’. वास्तविक आजींना ते कितपत उमगत होते कोण जाणे, पण सांगितल्यावाचून त्यांनी हात लावला नाही. मग पलीकडचा गुडघा दुमडून, हात छातीवर ठेवून, चादरीच्या कडा मुठीत धरून, स्वतःचे गुडघे किंचित वाकवून त्यांनी सबंध देह चादरीसकट आपल्याकडे ओढला व एका लयीत वळवला. कातडी गादीवर घासली गेली नाही. पाठीला उशी, दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी, पोटऱ्यांखाली घडी घालून टाचा अधांतरी. माकडहाडावर एक लालसर ठिपका दिसला, तो त्यांनी बोटाने दाबून पाहिला. दाबताच पांढरा पडून पुन्हा लाल झाला, तेव्हा त्या ‘अजून जिवंत हाय’ असे म्हणाल्या आणि वहीत वेळ लिहिली. तो ठिपका दाबूनही लालच राहिला असता तर ती शय्याव्रणाची पहिली पायरी होती. अशा जागी तेल लावून चोळणे, जे बहुतेक घरांत मायेपोटी केले जाते, ते घातक ठरते. या सर्वाला चार-पाच मिनिटे लागली असतील. हेच काम दिवसरात्रीत बारा वेळा करावयाचे असते, आणि ते आठवडाभर चुकले तर होणारी जखम भरून येण्यास महिने लागतात व तिचा खर्च मावशींच्या रोजाच्या कितीतरी पट होतो.

चरकाचार्यांनी चिकित्सेचे चार पाद मानले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण, आणि परिचारकाचेही चार गुण सांगितले आहेत, ते म्हणजे शुश्रूषेचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शुचिता. वैद्याच्या पंक्तीस परिचारकाला बसवणारी ही दृष्टी किती यथार्थ आहे हे अर्धांगाचा रुग्ण घरी आणल्यावर पहिल्या पंधरवड्यातच कळते. यातील ज्ञान शिकवता येते, दक्षतेची पारख होऊ शकते, शुचिता डोळ्यांना दिसते. अनुराग मात्र ब्युरोकडून मागवता येत नाही. तो उपजला तर त्या घरात, त्या माणसाच्या सहवासात उपजतो, आणि ज्या बाईला जेवणाचे ताट स्वयंपाकघराच्या दाराशी दिले जाते व जी रात्री रुग्णाच्या खाटेखाली सतरंजीवर झोपते, तिच्या ठिकाणी तो उपजण्याची अपेक्षा करण्याचा अधिकार त्या घराला नाही.

आता पैशाकडे वळावे. पुण्यात सध्या साध्या कामाच्या मावशींचा बारा तासांचा दर ढोबळ मानाने दिवसाला सातशे ते हजार रुपयांच्या घरात आहे. चोवीस तासांचा त्याहून काहीसा अधिक, पण दुप्पट नव्हे. प्रशिक्षित सिस्टरचा दर मावशींच्या दीडपट-दुप्पट अथवा त्याहून चढा. रोज नऊशे रुपये धरले तरी केवळ दिवसपाळीचे दरमहा २७,००० रुपये होतात, आणि दिवस व रात्र अशा दोन पाळ्या मुक्रर केल्या तर ५४,०००. डायपर दिवसाला तीन व एकाची किंमत चाळीस रुपये धरली तर ३,६०० रुपये. त्यावर खाटेचे भाडे, हातमोजे, औषधे, आठवड्यातून दोनदा येणारे फिजिओथेरपिस्ट, महिन्याला एकदा नळी बदलणारी सिस्टर.

याच्या शेजारी मिळकतीचा आकडा ठेवून पाहावा. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एका व्यक्तीस जास्तीत जास्त तीस लाख रुपये ठेवता येतात. आयुष्यभर काटकसर करून, घर विकत घेऊन, मुलांची शिक्षणे व लग्ने उरकून ज्याने तेवढी रक्कम शिल्लक टाकली तो मध्यमवर्गीय माणूस यशस्वीच म्हटला पाहिजे, त्याला ८.२ टक्के दराने वर्षाला २,४६,००० रुपये, म्हणजे दरमहा २०,५०० रुपये व्याज मिळते. नऊशे रुपयांच्या दिवसपाळीच्या मावशींना ते साडेसहा हजारांनी अपुरे पडते. कारखान्यातून निवृत्त झालेल्या, कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतील माणसाची किमान हमी तर दरमहा १,००० रुपयांची आहे; त्याच्या घरी ब्युरोचा विचारच होत नाही, तेथे आजही सून किंवा मुलगी काम सोडून घरी बसते.

विमा आपल्याला तारील असा पुष्कळांचा समज असतो. विम्याची रचना रुग्णालयात दाखल होण्याभोवती केलेली आहे; घरी राहून उपचार घेतल्याची जी तरतूद पुष्कळ विमापत्रांत आढळते तीदेखील रुग्णास हलवणे अशक्य असताना किंवा खाट न मिळाल्यामुळे घरीच कराव्या लागलेल्या उपचारांसाठी आहे. केवळ अंघोळ, भरवणे, कूस बदलणे यांसाठी ठेवलेल्या माणसाचा खर्च त्यांत सामान्यतः बसत नाही. आयुष्मान भारत योजना ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत लागू झाली, ही मोठी गोष्ट आहे. परंतु तीही रुग्णालयाच्या दारापर्यंतच येते. रुग्ण घरी आला की खर्च थांबतो, असे या सर्व योजना रचणाऱ्यांनी जणू गृहीत धरले आहे.

प्राप्तिकरात मात्र एक वाट आहे आणि ती फारच थोड्या कुटुंबांना ठाऊक असते. जुन्या करपद्धतीत, अवलंबून असलेल्या आईबापांपैकी कोणास चाळीस टक्के वा अधिक अपंगत्व असल्याचे रीतसर प्रमाणपत्र असेल, तर त्यांच्या उपचारावर व शुश्रूषेवर खर्च करणाऱ्या मुलास वा मुलीस ७५,००० रुपयांची, आणि अपंगत्व ऐंशी टक्के वा अधिक असेल तर १,२५,००० रुपयांची वजावट मिळते. प्रत्यक्ष खर्च किती झाला यावर तिचा आकडा अवलंबून नसतो. अर्धांगाने खिळलेल्या कित्येकांना असे प्रमाणपत्र मिळू शकते, पण ‘बाबांना अपंग कशाला म्हणायचे’ या संकोचाने अर्जच होत नाही. हा संकोच सोडावा. तसेच आरोग्यविमा नसलेल्या ज्येष्ठाच्या वैद्यकीय खर्चापोटी जी ५०,००० रुपयांपर्यंतची वजावट याच पद्धतीत आहे, ती रोखीने दिलेल्या रकमेवर मिळत नाही. म्हणून निदान सिस्टरचे, डॉक्टरांचे व औषधांचे पैसे बँकेतूनच द्यावेत व पावती घ्यावी.

यानंतर प्रश्न उरतो तो पैसे कोणी द्यावयाचे हा, आणि या एका प्रश्नाने जितकी भावंडे परस्परांना दुरावली आहेत तितकी वडिलोपार्जित जमिनीनेही दुरावली नसतील. परदेशी असलेला भाऊ पैसे पाठवतो व आपले कर्तव्य पार पडले असे मानतो. गावात असलेली बहीण रोजची धावपळ करते, मावशी आल्या नाहीत त्या दिवशी रजा टाकते, आणि तिच्या या रजेचा हिशेब कोणी धरीत नाही. ज्या घरांत हा व्यवहार नीट चाललेला दिसला तेथे एकच गोष्ट सामाईक होती: पहिल्याच महिन्यात आईबापांच्या नावे एक स्वतंत्र बँकखाते मुक्रर झाले होते, आधी आईबापांचे स्वतःचे उत्पन्न त्यात जाई, तूट पडेल ती भावंडे ठरलेल्या हिश्शाने भरीत, आणि जो जवळ राहून देखरेख करतो त्याचा हिस्सा त्या मानाने कमी धरला जाई. एका निवृत्त मुख्याध्यापिकेने हे सारे स्वतःच्या सत्तराव्या वर्षी, धडधाकट असतानाच, मुलांना समोर बसवून कागदावर उतरवले होते. ‘माझ्या आजारपणात तुमचं भांडण व्हायला नको, फ्लॅट विकावा लागला तर विका, त्यात वाईट वाटून घेऊ नका,’ असे त्या म्हणाल्या. याहून शहाणी मिळकतव्यवस्था माझ्या पाहण्यात नाही. घर राखून ठेवण्यासाठी घरातल्या माणसाच्या पाठीला जखमा होऊ देणे हे कोणत्याही वारसाच्या हिताचे नाही. बँका २००७ पासून वृद्धांना राहत्या घराच्या तारणावर नियमित रक्कम देतात, तिची परतफेड हयातीत करावी लागत नाही. पण घर हे मुलांचेच, ही भावना आपल्याकडे इतकी खोल आहे की ती योजना कागदावरच राहिली.

मुलांनी हातच वर केले तर आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७ खाली प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो, आणि वकिलावाचून करता येतो. पण त्यातील निर्वाहभत्त्याची कमाल मर्यादा दरमहा १०,००० रुपये आहे. वर जो हिशेब मांडला त्याच्या दृष्टीने ती अकरा-बारा दिवसांच्या दिवसपाळीची रक्कम होय.

हा पैसा ज्यांच्या कामासाठी दिला जातो त्यांच्या हाती त्यातला किती पडतो, हे कुटुंब बहुधा विचारीत नाही. ब्युरोची रीत दोन प्रकारची असते. काही ठिकाणी कुटुंब मावशींना थेट पगार देते व ब्युरो आरंभी एकरकमी दलाली घेतो. काही ठिकाणी सगळी रक्कम ब्युरोकडे जमा होते व तो आपला हिस्सा कापून उरलेली बाईला देतो. दुसऱ्या रीतीत नऊशेपैकी बाईला काय मिळाले हे घराला कळत नाही आणि घराने काय दिले हे बाईला कळत नाही. ब्युरोचालकांची बाजूही ऐकली पाहिजे. पहाटे सहाला मावशींचा मुलगा तापाने फणफणला म्हणून फोन येतो आणि आठच्या आत बदली उभी करावी लागते. पेशंट गेला की ती बाई दुसरे घर मिळेपर्यंत ब्युरोच्या खोलीत राहते. कुटुंब पैसे थकवते. एका ब्युरोचालक बाईंनी, ज्या स्वतः वीस वर्षांपूर्वी मावशी म्हणूनच घरोघर जात होत्या, स्पष्ट सांगितले: ‘लोकांना रिप्लेसमेंट लगेच पाहिजे, पण मधल्या दिवसांत त्या बाईनं खायचं काय, ते कोणी विचारत नाही.’

चोवीस तासांचे काम तर मुळातच सदोष आहे. एक माणूस चोवीस तास जागा राहू शकत नाही. म्हणून ज्या घरी रुग्ण रात्री तीनदा उठतो तेथे चोवीस तासांची बाई ठेवणे म्हणजे तिची झोप विकत घेणे होय, आणि पंधरा दिवसांनी तिच्या हातून रुग्ण पडला तर तो अपघात नव्हे. तरीही मावशी हे काम पत्करतात, कारण त्यात राहण्याची सोय होते व शहरातील खोलीचे भाडे वाचते. महिन्याला मिळणाऱ्या दोन सुट्ट्यांत त्या गावी जातात. सुट्टी घेतली तर त्या दिवसाचा रोज कापला जातो. आजारी पडल्या तरी खाडा, स्वतःच्या मुलीचे बाळंतपण असले तरी खाडा. मालकांच्या वृद्ध आईला वेळेवर औषध देणाऱ्या या बाईची स्वतःची आई गावाकडे कोणाच्या आधाराने आहे, असे विचारले असता लातूरच्या त्या मावशी एवढेच म्हणाल्या, ‘शेजारीण बघती.’

पुण्याच्या मोलकरणींनी १९८० मध्ये आपण होऊन संप पुकारला, त्यातून शहरात त्यांची संघटना उभी राहिली, आणि पगारी सुट्टी व दिवाळीचा बोनस या गोष्टी त्यानंतर पुण्यातील पुष्कळ घरांत रूढ झाल्या. राज्याने २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदाही केला. परंतु धुणेभांडी करणाऱ्या बाया एकाच वस्तीत राहतात व एकमेकींना रोज भेटतात. रुग्णाच्या खोलीत बारा किंवा चोवीस तास कोंडलेल्या मावशीला दुसरी मावशी भेटते ती पाळी बदलताना दारात. त्यांची संघटना होत नाही याचे कारण एवढेच आहे.

तेव्हा ज्याच्या घरी हा प्रसंग आला आहे किंवा येण्याचा संभव आहे, त्याने पहिल्या दिवशीच एक साधा करारनामा लिहून काढावा. कामाचे तास, कामे कोणती आणि कोणती नव्हेत, रोज किती व त्यातला बाईच्या हाती किती, आठवड्याची पगारी सुट्टी, जेवणाचहाची वेळ, झोपण्याची जागा, रात्री किती वेळा उठणे अपेक्षित आहे, आगाऊ सूचनेची मुदत, अनामत रक्कम परत केव्हा मिळणार, बदली किती तासांत येणार, हे त्यात कलमवार असावे. ओळखपत्राची प्रत घ्यावी व पोलिसांकडील पडताळणी करावी, आणि ती ब्युरोने केली आहे असे तोंडी सांगितले तर कागद मागावा. दागिने व रोकड कुलुपात ठेवावी. त्यायोगे संशयाला जागाच उरत नाही व बाईची अब्रूही सुरक्षित राहते. स्वयंपाक, धुणे व पाहुण्यांचा चहा मावशींच्या गळ्यात घालू नये, कारण तेवढा वेळ त्या रुग्णापाशी नसतात. आणि खाटेशेजारी एक वही असावी, तीत प्रत्येक पाळीने खाणेपिणे, लघवी, शौच, औषध, कूस बदलल्याची वेळ व कातडीची स्थिती लिहावी. ज्या मावशींना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी एका घराने तक्ता छापून घेतला होता, त्यात केवळ खुणा करावयाच्या होत्या. डॉक्टरांनी त्या तक्त्यावरून औषधाची वेळ बदलल्याचे मी पाहिले आहे.

एवढे केल्यानेही भागत नाही, कारण एकेका कुटुंबाच्या शहाणपणावर सोडून द्यावी अशी ही बाब नव्हे. जर्मनीने १९९५ मध्ये आणि जपानने २००० मध्ये दीर्घकालीन शुश्रूषेसाठी सक्तीचा विमा सुरू केला; जपानात चाळिशी ओलांडलेला प्रत्येक माणूस त्याचा हप्ता भरतो. केरळने २००८ मध्ये परिहार-शुश्रूषेचे (पॅलिएटिव्ह केअर) धोरण जाहीर करून पंचायतीच्या परिचारिकेला अंथरुणावरील रुग्णाच्या घरापर्यंत पोहोचवले. आपल्याकडेही उदाहरणे आहेत: पुण्यात वारजे येथील सिप्लाचे केंद्र १९९७ पासून कर्करोगाच्या रुग्णांची विनामूल्य शुश्रूषा करीत आले आहे व तेथील पथके घरीही जातात. पण ते एका संस्थेच्या औदार्याचे काम आहे, राज्याची व्यवस्था नव्हे. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. ज्या कामांसाठी माणसे हवी आहेत त्यांत शुश्रूषेचे काम आहे. आपल्या मुली तेथे जाऊन सन्मानाने व पुरेशा वेतनावर काम करतील याचा आनंदच आहे. ज्या शासनाला परक्या देशातील वृद्धांसाठी प्रशिक्षणाची व भाषेच्या वर्गांची योजना आखता येते, त्याला लातूर-सोलापूरहून आलेल्या बाईसाठी तीन महिन्यांचा अभ्यासक्रम, विद्यावेतन व प्रमाणपत्र यांची योजना आखता येणार नाही असे मी मानीत नाही.

घरी जाऊन शुश्रूषा पुरवणाऱ्या संस्थांची नोंदणी व्हावी, त्यांच्या सेवेचा किमान दर्जा ठरावा आणि निर्वाहभत्त्याची मर्यादा काढून टाकावी, या तरतुदी असलेले दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले, स्थायी समितीकडे गेले, समितीचा अहवालही आला, आणि २०२४ मध्ये ती लोकसभा विसर्जित झाली तेव्हा ते मंजूर न होताच गळाले. ज्येष्ठ नागरिक संघ महाराष्ट्रात गावोगाव आहेत व त्यांच्या सभांना आमदार-खासदार आवर्जून येतात. त्या सभांत या विधेयकाविषयी प्रश्न विचारले जावेत. आणि तो कायदा होईपर्यंत, ज्यांच्या घरी आज मावशी आहेत त्यांनी या महिन्याची रक्कम ब्युरोकडे भरताना एवढे अवश्य विचारावे की यातले किती बाईंच्या हाती पडले, आणि ते उत्तर लेखी घ्यावे.